रंगूबाईची भिंत आणि फय्याजची कमान

इंद्रभान सकाळी ड्यूटीवरून आला तो हातातला डबाही खाली न ठेवता उंबऱ्यावर बसला. रंगूबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चुलीवरचा तवा उतरवून बाजूला ठेवला.

"काय झालं?"

"मालगाडी उभी राह्यली. सिग्नलच्या भाईर. शिट्ट्या मारू मारू डायवर खाली उतरला." इंद्रभान जमिनीकडे बघून बोलत होता. "मी खटक्यापाशी बसल्याबसल्या झोपलो व्हतो."

"मंग मास्तर काय म्हन्ते?"

"म्हन्ते, या खेपेले मी वर कयवत नाई. आनखी एकदा असं झालं तं मायाच्यानं झाकनं होनार नाई. कंदील जमा करजो आन् गावाले जाजो."

जऊळका स्टेशनावर इंद्रभान सांधेवाला होता. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते मास्तर ठरवायचे आणि तो खटका ओढून सांधा बदलायचा. काम चार ढांगांच्या अंतरातलं, पण गाडीतल्या सगळ्या माणसांचा जीव त्या खटक्यावर. दिवाळीनंतर त्याला रात्रपाळी लागली होती. रात्री जागायचं म्हणजे दिवसा झोपायला हवं, आणि दिवसा झोप नव्हती. कारण भिंतीपलीकडे फय्याज पिंजारी राहत होता.

हे एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या हिवाळ्यातलं. थंडी पडली की घरोघरच्या जुन्या गाद्या आणि रजया फय्याजच्या दारात येऊन पडायच्या. दडपून घट्ट झालेली रुई तो पुन्हा फुलवून द्यायचा. त्यासाठी माणसाच्या उंचीची लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली तात, आणि तातीवर मारायला हातात लाकडी दस्ता. दस्ता बसला की तात थरथरायची आणि रुईचे गठ्ठे ढगासारखे सुटत जायचे. बघायला फार सुंदर काम. ऐकायला मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टंऽग, टंऽग, टंऽग, आणि मध्येच ढप्. इंद्रभान डोळे मिटून पडायचा, दहा-वीस ठोके मोजायचा आणि उठून बसायचा. कानात बोळे घालून झाले, डोक्यावर गोधडी घेऊन झाली. एकदा तो बाभळीखाली जाऊन झोपला, तर शेळ्यांनी धोतर खाल्लं.

"आजपासून तुमी झोपनार," रंगूबाई म्हणाली. "कशे ते माह्यावर सोडा."

इंद्रभाननं मान वर केली. ती असं म्हणाली की बहुतेक वेळा ते व्हायचं, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं.

रंगूबाई रिसोडकडची. तिचा बाप खेमा लोकांच्या घरांच्या मातीच्या भिंती घालायचा. चालता येऊ लागल्यापासून ती बापाच्या चिखलात नाचलेली. माती किती मुरली, तिच्यात कुटार, म्हणजे भुसा, किती घालायचं, मातीचा एक रद्दा, म्हणजे थर, वाळला की दुसरा कधी चढवायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; ते तिच्या तळपायांत होतं. लग्न होऊन इंद्रभानच्या गावी आली तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी विचारलं, स्वयंपाक येतो का. ती म्हणाली, "येते. आन् तुमची ही मांगची भिंत पावसायात पडनार हाय." भिंत खरंच पडली. सासूनं पुन्हा स्वयंपाकाचं नाव काढलं नाही.

त्या सकाळी ती आधी घरमालकाकडे गेली. शालिग्राम हा शेतीवाला माणूस. स्टेशनच्या वाटेवर त्याचं एक लांबलचक धाब्याचं घर होतं, वर मातीचं सपाट छत. पूर्वी तिथं अर्ध्यात पिंजारी आणि अर्ध्यात बैल असत. गाडी सुरू झाली, स्टेशनावर माणसं आली, तसे त्यानं बैल काढले आणि त्यांच्या जागी भाडेकरू ठेवले.

"आवाज येते?" शालिग्राम म्हणाला. "बैल व्हते तवा त्याईनं कधी तक्रार नाई केली."

"बैलाले राती मालगाडी नाई काढा लागत."

"मंग दुसरी खोली पाय."

"दुसरी असती तं तुमच्या दारात आली असती का, मालक? मले फक्त भिंतीले हात लावू द्या."

"लाव. पन मायाकडून दमडी मांगजो नको."

परवानगी मिळाली, एवढंच तिला हवं होतं. तिथून ती फय्याजच्या दारात गेली. फय्याज हा हडकुळा, अंगभर रुईचे तंतू चिकटलेला माणूस. त्याच्या भुवया वयापेक्षा पांढऱ्या दिसायच्या आणि तोंड धुतलं की तो एकदम तरुण व्हायचा. मालगाडीची गोष्ट ऐकून त्यानं दस्ता खाली ठेवला.

"अल्ला कसम रंगूबाई, मले मालूम नोतं. पन मी काय करू? हाच मोसम हाय. भाईर बसून पिंजलं तं हवेनं सारी रुई मालेगावले जाईन. दुपारी थोडा येळ बंद ठेवतो, पाह्यजे तं."

"थोड्या येळानं काय व्हते. तुमी तुमचं काम करा, भाऊ. मी भिंत जाड करते."

आतून त्याची बायको हुस्नाबानो म्हणाली, "बाई, लवकर कर. मले बी चार रोज शांती भेटंन."

"तुले कशी भेटंन?" फय्याज म्हणाला. "तू तं आवाजाच्या बाजूनं हायेस."

"म्हनून तं म्हन्ते. तिच्याकडं जाऊन बसत जाईन."

मधली भिंत रंगूबाईनं बोटांनी ठोकून पाहिली आणि नाक मुरडलं. पातळ होती, घाईत घातलेली. वरच्या बाजूला भेगा. तिनं नाल्याकाठची चिकणमाती डोक्यावरून आणली, तुरीचं कुटार आणि शेण घालून दोन रात्री भिजत ठेवली, मग पायांनी तुडवली. आपल्या बाजूनं तिनं हातभर जाडीचा नवा थर चढवला. भेगांत चिंध्या ठोकल्या. इंद्रभान बाजेवर पडून उघड्या डोळ्यांनी हे बघत असायचा.

"झोपा ना."

"तू भिंत बडवून राह्यली, तो पिंजून राह्यला. मी कोनाच्या आवाजानं जागू ते तरी सांग."

भिंत झाली आणि फरक पडला. टंऽग हा वरचा तीक्ष्ण सूर बोथट झाला. फय्याजचं खोकणं, हुस्नाबानोचं ओरडणं, हे तर ऐकूच येईना. तरी इंद्रभानला झोप लागली नाही. तो म्हणाला, "आता आवाज कानात नाई येत. दातात येते."

रंगूबाईनं ठरवलं, भिंत अजून जाड हवी. भिंतीचा त्रास भिंतीनंच जाणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आणि इथंच ती चुकली. भिंती घालणाऱ्याची लेक नसती तर कदाचित चुकली नसती.

शालिग्रामकडे सरकीची पोती आलेली होती. बैलांना वर्षभर पुरणारी सरकी ठेवायला त्याला जागा अपुरी पडत होती. रंगूबाईनं त्याला सांगितलं, की माझ्या खोलीत भिंतीला लावून ठेवा, भाडं नको. शालिग्राम खूश झाला. सरकी जड, तिच्यावर बारीक कापसाची लव, आवाज गिळायला याहून चांगलं काय असणार? पोती जमिनीपासून छताला टेकेपर्यंत रचली गेली. खोली निम्मी झाली. फुकटात केलेलं काम बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

नव्या थराची माती मात्र आतून ओली होती. ओल सरकीत उतरली, आणि ओली सरकी दाबून ठेवली की गरम होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोलीत आंबूस वास सुटला. पोत्यात हात घातला तर आत भाकरीसारखी ऊब. थंडीच्या दिवसांत इंद्रभान उघड्या अंगानं घाम पुसत बसला. त्या वासावर शालिग्रामची म्हैस दावं तोडून आली, दारातून मान घातली आणि खालच्या पोत्याला तोंड लावलं. पोतं फाटलं, वरची घसरली, आणि इंद्रभान बाजेसकट कोपऱ्यात दाबला गेला.

म्हशीमागून शालिग्राम आला.

"मायी सरकी शिजवून ठेवली हो या बाईनं."

"म्हशीले तं आवडली," इंद्रभान पोत्यांमागून म्हणाला.

"तू गप. तू अजून जागाच हायेस का?"

शालिग्रामनं पोती उन्हात वाळत घातली आणि गावभर सांगत सुटला. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "रंगूबाई, आज काय शिजवलं, सरकी का पेंड?" ती म्हणायची, "तुमच्यासाठी ठेवली हाय थोडी." घरी आल्यावर मात्र तिला राग यायचा, बायकांचा नाही, भिंतीचा. बापाच्या हातची असती तर असं फसवलं नसतं, असं तिला वाटे.

इंद्रभानचे डोळे आत गेले होते. रात्री झोप येऊ नये म्हणून तो बोटाला चिमटे काढायचा. बोटं काळीनिळी झाली होती. एके दुपारी तो म्हणाला, "म्या इचार केला. मास्तरानं हाकलन्याआधी मीच सोडतो. भावाच्या वावरात मजुरी करीन. कमीत कमी कोनाच्या जिवावर तं बेतनार नाई."

"आठ रोज थांबा."

"आठ रोजांत गाडी पडली तं?"

ती उठली आणि खोली आवरायला लागली. म्हशीच्या गोंधळातून वाचलेल्या शिंक्यात सकाळचं ताकाचं गाडगं लटकत होतं. तिनं हात पुढं केला आणि ती थांबली. ताकावर वर्तुळं उठत होती. बारीक, एकात एक, मधून कडेला पळणारी. एक उठलं, विरलं, दुसरं उठलं. भिंतीपलीकडे टंऽग झालं की वर्तुळ.

तिनं गाडगं शिंक्यातून काढून हातात धरलं. ताक स्थिर झालं. टंऽग झालं, ताक हललं नाही. पुन्हा शिंक्यात ठेवलं. वर्तुळ.

गाडगं खाली ठेवून ती शिंक्याच्या दोरीवरून नजर वर नेत गेली. दोरी छताखालच्या नाटेला बांधलेली होती. नाट म्हणजे छत तोलणारं आडवं लाकूड. ही सागवानी नाट या खोलीत सुरू होत नव्हती आणि या खोलीत संपतही नव्हती. घर एक, नाट एक. मधली भिंत नंतर तिच्याखाली घातलेली. ती बाजेवर चढली आणि नाटेला गाल लावला. गालातून, जबड्यातून, थेट दातांत टंऽग.

"आवो," ती बाजेवरूनच म्हणाली, "तुमी दातात म्हनाले व्हते ना?"

"तूच म्हनाली, भिंत जाड कराची."

"म्हनाली असंन. उतरा खाली. बाज खांबापासून दूर करा आधी."

आवाजाला जायला दोन वाटा असतात. एक हवेतली, ती जाड, जड भिंत अडवते, आणि रंगूबाईची भिंत ती अडवत होतीच. दुसरी वाट लाकडाची. लाकडातून थरथर हवेपेक्षा कितीतरी वेगानं आणि फारशी न थकता जाते. रुळाला कान लावला की लांबची गाडी कळते, ती त्यामुळेच. फय्याजची कमान हातावर पेलवण्याजोगी हलकी नसते, म्हणून ती दोरीनं छताला टांगलेली असते. छताला म्हणजे याच नाटेला. प्रत्येक ठोक्याला तात कमानीला, कमान दोरीला, दोरी नाटेला हलवायची. ती थरथर भिंतीच्या डोक्यावरून निवांत इकडे यायची, खांबातून उतरायची आणि खांबाला टेकलेल्या बाजेत शिरायची. भिंत कोसभर जाड केली असती तरी हे थांबलं नसतं.

रंगूबाई हात न धुताच शेजारी गेली. फय्याजनं सगळं ऐकलं आणि डोकं हलवलं.

"रंगूबाई, कमान काय पायना हाय, जिथं पाह्यजे तिथं टांगला? माया दोन पिढ्या या नाटेले टांगून राह्यल्या. माया अब्बानं कमान इथंच टांगली व्हती. त्याईच्या येळी कोनी बोललं नाई."

"अब्बाच्या येळी पल्याड बैल व्हते," हुस्नाबानो म्हणाली. "बैल काय बोलनार?"

"दुसरीकडं टांगली तं हात बसनार नाई. हात नाई बसला तं रुई तुटते."

"हात बसोस्तर मी इथंच हाय," रंगूबाई म्हणाली. "नाई बसला तं मी सोता पुन्हा नाटेले बांधून देईन. आन् मंग आमी गाव सोडू."

फय्याजनं कमान नाटेवरून उतरवली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला, जणू कुठं ठेवू असं विचारत.

लाकूड विकत घेण्याची ऐपत दोन्ही घरांत नव्हती. पण ज्वारी निघाली होती, आणि जगदेव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात जागलीचं मचाण रिकामं उभं होतं. पुढच्या पिकापर्यंत त्याचं काही काम नव्हतं. जगदेवनं त्याच्या बल्ल्या, म्हणजे लांब वासे, दिल्या, एका अटीवर: घरातल्या साऱ्या गाद्या फय्याजनं पुढच्या हंगामात आधी पिंजायच्या. फय्याज पुटपुटला, "आवाज मी करतो, झोप इंद्रभानची आन् गाद्या जगदेवच्या." पण बल्ल्या उचलायला तोच पुढं होता.

दोन बल्ल्यांची कैची एका बाजूला, दोनांची दुसऱ्या बाजूला, वर एक आडवी बल्ली, तिला कमान. फय्याजच्या खोलीच्या मधोमध हे उभं राहिलं. रंगूबाईनं चहूबाजूंनी हात फिरवून पाहिलं की भिंतीला, खांबाला, कशालाही बल्ली लागत नाही. फय्याजनं दस्ता मारला. सगळा सांगाडा वीतभर चालत पुढं गेला. दुसऱ्या ठोक्याला तो दाराकडे वळला.

"नमाजाले निंगाला," हुस्नाबानो म्हणाली.

रंगूबाईनं जमीन खणली. चार पायांना चार खड्डे. नुसती माती भरून पाय ठोकले असते तर सांगाडा पक्का बसला असता, पण थरथर जमिनीतून निघाली असती, आणि ताकानं तिला आता सावध केलं होतं. पिंजताना खाली पडणारा केर, तुटकी रुई, सरकीच्या कवच्या, हे हुस्नाबानो रोज झाडून उकिरड्यावर टाकायची. ते रंगूबाईनं पोत्याच्या तुकड्यांत भरलं, खड्ड्यांच्या तळाशी आणि कडेनं दाबून दाबून ठासलं आणि बल्ल्यांचे पाय त्यात बसवले. खुंट्या मारून दोऱ्यांनी ताण दिला.

फय्याजनं दस्ता मारला. सांगाडा दबला, उठला, जागचा हलला नाही. तो आणखी दहा-बारा ठोके मारत गेला, मग तोंड वाकडं करून म्हणाला, "हात खाली जाते."

रंगूबाईनं दोरी बोटभर आखडली.

"आता वर जाते."

तिनं अर्धं बोट सोडली. फय्याजनं पुन्हा दस्ता उचलला. रुई त्याच्या पुढ्यात सुटत, फुगत, गुडघ्यांपर्यंत येत गेली. शेवटी तो म्हणाला, "हां." आणि पिंजतच राहिला.

रंगूबाई धावत आपल्या खोलीत आली. तिनं ताकाचं गाडगं शिंक्यात ठेवलं. ताकावरच्या निवळीत छताचा काळा कोपरा स्वच्छ दिसत होता, आणि तो तुटत नव्हता. आवाज होता, नाही असं नाही. लांब कुणी लाकूड तोडतंय, इतका. तो भिंतीतून येणारा उरलासुरला, हवेतला. त्याला काही इलाज नको होता.

दुसऱ्या सकाळी इंद्रभान आला, जेवला, आडवा झाला. फय्याजनं काम सुरू केलं. इंद्रभान कुशीवर वळला आणि थोड्या वेळानं घोरू लागला. रंगूबाई दारात बसून राहिली. भिंतीपलीकडचे ठोके थांबले आणि फय्याज पांढऱ्या भुवयांनिशी दारात उभा राहिला.

"झोपला का?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं मान हलवली. तो गेला. ठोके सुरू झाले. पुन्हा थांबले. पुन्हा तो दारात.

"अजून झोपला हाय?"

"हाये."

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला खात्री वाटेना म्हणून तो आत वाकून बघायला गेला आणि दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं. इंद्रभान ताडकन उठला.

"गाडी?"

"गाडी नाई, मी हाय," फय्याज कपाळ चोळत म्हणाला. "पडा, पडा. तुमी झोपले का ते पाहून राह्यलो व्हतो."

मागून हुस्नाबानो आली आणि नवऱ्याची बाही धरून त्याला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "कमान बांधली, आता याले बांधा लागते." इंद्रभान पुन्हा पडला तो दिवस कलेपर्यंत. संध्याकाळी कंदील घेऊन निघाला तेव्हा त्याचा चेहरा उशीच्या सुरकुत्यांनी भरलेला होता, आणि रंगूबाईला तो फार देखणा वाटला.

त्या हिवाळ्यात मालगाडी पुन्हा सिग्नलबाहेर थांबली नाही. मास्तर त्याला काही बोलले नाहीत. न बोलणं हीच त्यांची शाबासकी. पुढच्या वर्षी एक सांधेवाला बदलून गेला आणि मास्तरांनी इंद्रभानला बोलावून सांगितलं, रेल्वेचं क्वार्टर रिकामं आहे, पक्क्या विटांचं, ने बायकोला.

रंगूबाई बघायला गेली. बाहेरून क्वार्टर झकास होतं. ती आत गेली, विटांच्या भिंती बोटांनी ठोकल्या, पसंतीनं मान हलवली. मग तिनं वर पाहिलं. छत जुन्या रुळांच्या तुकड्यांवर तोललेलं होतं, आणि खिडकीबाहेर मालधक्क्याकडे जाणारा फाट्याचा रूळ. तेवढ्यात त्यावरून मालाचा एक डबा ढकलत नेत होते. तिनं कोनाड्यात पाय देऊन छताच्या रुळाला गाल लावला. खाली उतरली ती जबडा चोळतच.

"मास्तराले सांगा, मेहेरबानी झाली. पन आमी हाय तिथंच बरे."

"पक्कं घर हाय वं," इंद्रभान म्हणाला.

"भिंती पक्क्या हायेत. तुमी काय भिंतीवर झोपता?"

परत आल्यावर तिनं फय्याजला सांगितलं, की आम्ही कुठं जात नाही. फय्याजनं दस्ता हातातच ठेवला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग आता थोडं जोरात पिंजू का?"

"ते झोपीतून उठले की विचारा," रंगूबाई म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.